मोजणीदारांचं शहर

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेला असायचा. त्यामुळे आठवणी लिहायला बसलो की मला कोणाच्या तरी खुर्चीवर न विचारता बसल्यासारखं वाटतं. त्यात माझा विषय म्हणजे एक खेळ. तोही मैदानातला नाही, चार जणांनी टेबलाभोवती बसून बोलत खेळायचा. वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा इतकं यात काही आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या खेळात असलेली माझी मुलुंडची मैत्रीण म्हणाली, लिहून टाक, नाहीतर तू तो डोक्यात खेळत बसशील. म्हणून लिहितोय.

आमचं घर मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या पाठच्या गल्लीत. घर म्हणजे खरं तर माळा. खाली एक काकी राहते, मालवणकडची. तिच्या खोलीचं छत ती आमची जमीन. काका होते तेव्हा बाबांनी तो माळा त्यांच्याकडून घेतला होता, तोंडी. दोघं एकाच खात्यात पावडर कोटिंगच्या भट्टीवर कामाला होते आणि मैत्रीत कागद करायचं कोणाला सुचलं नाही. वर चढायला गल्लीतूनच लोखंडी शिडी आहे, जवळजवळ उभी. तिच्या वरच्या टोकाचे आकडे आमच्या उंबऱ्याच्या कड्यांत अडकवलेले असतात. आकडे सोडले की शिडी वर ओढून घेता येते.

ओढून घ्यायची वेळ वरचेवर यायची. आमच्या गल्लीत माळ्यांना परवानगी नाही, आणि तरी जवळजवळ प्रत्येक घरावर माळा आहे. पालिकेची माणसं उंची बघायला आली की गल्लीच्या तोंडच्या पिठाच्या गिरणीपासून निरोप आत सरकायचा. काकी कपडे वाळत घालायच्या काठीने छतावर ठोकायची. ते ऐकलं की आई हातातलं काम टाकून शिडी वर घ्यायची, पत्र्याचं दार लोटायची, पंखा बंद करायची. मी आणि माझी बहीण जिथे असू तिथे बसून राहायचो. पत्रा तापलेला असायचा. आई इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवायचं काम घरी करते. त्या गोंदाचा वास बंद खोलीत डोक्यात चढायचा. माणसं गेली की काकी पुन्हा ठोकायची आणि खालून हाक मारायची, "जिवंत आसात मां, पोरांनू?" आम्ही हसत शिडी खाली सोडायचो. लहानपणी मला हा खेळच वाटायचा, आणि आमच्याइतका तो कोणालाच येत नाही असंही वाटायचं.

बारावीनंतर मला अंधेरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांच्या शेठने त्याच्या मुलाचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यात काही गेम तसेच राहिले होते. त्यातला एक लपण्याचा होता. कालवे आणि दगडी मनोरे असलेलं एक शहर, आणि तुम्ही त्यात एक चोर. कोणाशी लढायचं नाही. दिवे विझवायचे, भिंतीला चिकटून चालायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत थांबायचं. पहारेकऱ्याला संशय आला तर तो दोन पावलं पुढे येऊन अंधारात बघायचा. तुम्ही हलला नाहीत तर काही वेळाने तो विसरून जायचा. सगळं नीट पार पडलं की शेवटी काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, तिचा अर्थ असा की कोणी पाहिलं नाही. बाकीच्यांना त्या गेमचा कंटाळा येतो म्हणे. मी तो पहिल्याच आठवड्यात संपवला.

कॉलेजात माझी ज्यांच्याशी ओळख झाली त्या तिघांची नावं लिहीत नाही. आम्ही एकमेकांना राहण्याच्या जागेवरूनच हाक मारायचो. मुलुंड वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. टेबलावर खेळायचा हा प्रकार तिनेच आणला. एक जण जग सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आपण काय करतोय ते बोलून सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकतात. घाटकोपर सगळ्यावर विनोद करायचा. बोरिवली नियमांचा पक्का. फासा टेबलावरून पडला तर तो मोजायचा नाही, असं म्हणणारा. कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत दुपारी कोणी नसायचं. तिथल्या कॅरम बोर्डाभोवती आम्ही बसायचो.

मास्टर व्हायची माझी पाळी आली तेव्हा मी घाबरलो होतो. ते तिघं इंग्रजी पुस्तकं वाचलेले, मालिका बघितलेले. मला एकच जग माहीत होतं, त्या गेममधलं. म्हणून मी तेच उचललं. कालवे, मनोरे, मनोऱ्यात राहणारा उमराव, त्याची तिजोरी. दोन दुपारी त्यात गेल्या. तिसऱ्या दुपारी घाटकोपरने जांभई देत विचारलं, हा उमराव दिवसभर नक्की करतो काय, ऑफिसला जातो का? सगळे हसले, मीही हसलो. तो काय खातो, त्याचे कपडे कोण धुतं, त्याच्या शहरात पाणी कधी येतं, मला काहीच माहीत नव्हतं. पडद्यावर ते दिसत होतं तोवर चाललं. तोंडाने सांगायला लागलो की पुठ्ठ्यासारखं वाकायचं.

जाताना मुलुंड म्हणाली, "तू बघितलेलं काहीतरी घे ना. उसनं नको."

मग मी शहर बदललं. कालव्याचा नाला केला. दगडी मनोरे नाल्यापलीकडे नेले आणि त्यांना काचा लावल्या. अलीकडे गल्ल्या, पत्रे, निळी प्लास्टिकं, घरावर घर आणि बाहेरून शिड्या. पहारेकऱ्यांना काढून टाकलं, कारण आमच्याकडे पहारा द्यावा असं कोणाकडे काही नसतं. त्यांच्या जागी मोजणीदार आणले. करड्या कोटातली माणसं, हातात कंदील, ती गल्लीगल्लीतून फिरून माणसं मोजतात. ज्याची मोजणी झाली त्याला नाल्यापलीकडे नेतात. पलीकडून कोणी परत आलेलं नाही. माझ्या खेळाडूंचं काम एकच, एका गल्लीला मोजणीतून वाचवायचं.

हे मला कुठून सुचलं, याचा तेव्हा मी विचार केला नाही. त्या महिन्यात आमच्या गल्लीत गल्ल्या पाडून इमारती बांधणाऱ्या विकासाच्या कंपनीची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. सर्व्हे होणार, कागद तयार ठेवा. ते मी रोज ऐकत होतो. पण गल्लीतली भीती मी ठरवून खेळात घातली असं म्हणालो तर खोटं होईल. ती आपोआप आली आणि मला वाटलं, माझी कल्पनाशक्ती वाढली.

खेळ बसवायला मात्र डोकं लावावं लागलं. लपण्याचा गेम एकट्याचा असतो. टेबलावर तिघं असतात आणि तिघांनाही काहीतरी करायचं असतं. एक लपला आणि दोघं बघत बसले तर मजा जाते. म्हणून मी कामं वाटली. मुलुंड शिड्या ओढणारी, घाटकोपर मोजणीदारांना बोलण्यात गुंतवणारा, बोरिवली दिवे विझवणारा. दुसरी अडचण अशी की पडद्यावर उजेड-अंधार दिसतो, तोंडाने सांगितलेला कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यावर कॅरमच्या सोंगट्या कामी आल्या. पांढरी सोंगटी म्हणजे पेटलेला दिवा. विझला की तिच्या जागी काळी. स्ट्रायकर म्हणजे मोजणीदार, तो मी सरकवायचो. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असायच्या.

विसरण्याचा प्रश्न बोरिवलीने काढला. गेममधल्या पहारेकऱ्यासारखा मोजणीदारही काही वेळाने विसरतो हे त्याला पटेना. "पगार घेतो ना? मग का विसरेल?" त्या रात्री विचार करून मी एक नियम केला. मोजणीदार विसरत नाहीत, फक्त निघून जातात. खेळाडूंनी काही खूण मागे ठेवली, आवाज केला, दार अर्धवट लोटलं, की मी स्टीलच्या डब्यात एक सोंगटी टाकायची. डबा भरला की सगळे मोजणीदार एकदम येतील. सोंगटी टाकल्यावर डब्याचा जो आवाज व्हायचा त्याने घाटकोपरसुद्धा गप्प बसायचा. मला ते आवडायचं. माझं बोलणं ऐकून कोणी श्वास रोखलाय, हे माझ्या बाबतीत आधी कधी घडलं नव्हतं.

ते तिघं झपाट्याने शिकले. मीच त्यांना शिकवत होतो, हेही खरं. शिडी ओढताना आधी कुठला आकडा सोडायचा, ओढल्यावर ती कशी आडवी ठेवायची म्हणजे खालून टोक दिसत नाही, पत्र्याचं दार लोटताना बिजागरीला हात का द्यायचा. मुलुंडने एकदा विचारलं की तुला हे सगळं कसं सुचतं रे. मी म्हणालो, असंच. मी मरोळला राहतो एवढंच त्यांना माहीत होतं. पवईच्या तळ्याजवळच्या श्रीमंत इमारतीही मरोळपासून फार लांब नाहीत. त्यांनी काय समजायचं ते समजावं, असं मी सोडून दिलं होतं.

एक वेळ अशी आली की डबा रिकामाच राहायला लागला. मोजणीदार गल्लीत येत, अंधारात उभे राहत आणि जात. मी खुशीत फळ्यावर खडूने लिहिलं, कोणी पाहिलं नाही. बोरिवलीने टाळी दिली. मुलुंड मात्र सोंगट्या बघत बसली होती. बोर्डावर एकही पांढरी उरली नव्हती.

"आपण इतके भारी लपलो," ती म्हणाली, "तर ही गल्ली आहे हे कोणाला कळणार?"

"तेच तर जिंकणं आहे, येडे," घाटकोपर म्हणाला.

"मोजल्यावर काय होतं पण? पलीकडे नेतात म्हणजे काय करतात?"

तिने मला विचारलं होतं. मी म्हणालो, ते पुढे कळेल. मास्टरने असंच म्हणायचं असतं. खरं म्हणजे मी ते ठरवलेलंच नव्हतं.

आमच्या गल्लीत मोजल्यावर काय होतं याबद्दल रोज नवीन ऐकू येत होतं. आधी म्हणत होते, माळेवाल्यांना काहीच नाही, त्यांचं आधी तोडणार. मग लोकांनी कंपनीच्या ऑफिसबाहेर ठिय्या दिला आणि ठरलं की माळेवाल्यांनाही लहानशी का होईना, खोली मिळेल, कुठेतरी लांब, पण मिळेल. अट एकच. सर्व्हेच्या दिवशी माळ्यावर माणसं राहताना दिसली पाहिजेत. बाबांनी हे आईला दोनदा समजावून सांगितलं. आमच्या गल्लीचा नंबर पुढच्या आठवड्यात होता.

सर्व्हेवाले आधीच आले. बाजूच्या गल्लीचं काम लवकर संपलं म्हणून. मी कॉलेजात होतो, बाबा कामावर. बहिणीला ताप होता म्हणून ती घरी होती. तिने मला नंतर सांगितलं ते असं. आई खडे चिकटवत बसली होती. खालून काठी वाजली. आई उठली, आकडे सोडले, शिडी वर घेतली, दार लोटलं, पंखा बंद केला. बहीण म्हणाली, "आई, अगं, हे मोजणीवाले असतील." आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. खाली माणसं बोलत होती. काकीला फोटोसाठी दारात उभं करून कोणीतरी म्हणालं, इकडे बघा, हसलात तरी चालेल. मग ब्रशने दारावर नंबर काढल्याचा आवाज आला. रंगाचा वास वर आला. आई ऐकत होती. बहीण म्हणते, आईच्या चेहऱ्यावरून तेव्हाच कळत होतं की तिलाही समजलंय. पण ती हलली नाही. इतक्या वर्षांत ती त्या आवाजावर कधी हलली नव्हती.

माणसं पुढे गेली. काकीने पुन्हा काठी वाजवली नाही.

आई तशीच बसून राहिली. ऊन उतरलं. बाबा कामावरून येऊन गल्लीत उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, शिडी का वर आहे? तेव्हा तिने ती खाली सोडली.

मी घरी पोचलो तेव्हा सगळे बसलेले होते. आई म्हणत होती की काकीच्या हाताला सवय, माझ्याही हाताला सवय, त्यात तिची काय चूक. बाबांनी एकच प्रश्न विचारला. मग नंतर ठोकलं का नाही? आम्ही सगळे खाली जमिनीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा खाडा करून कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस सभ्यपणे बोलला. या गल्लीचा सर्व्हे संपला, टीम परत येणार नाही. हरकत असेल तर सुनावणीत सांगा. बाबांनी कागद दाखवले. रेशन कार्ड गावचं. आधार कार्डावर पत्ता गोवंडीचा, तिथे आम्ही आधी भाड्याने होतो. लाइटचं बिल काकीच्या नावावर, आमचा सबमीटर. तो माणूस म्हणाला, यातून तुम्ही माळ्यावर राहता हे कुठे दिसतं? मग त्यानेच मार्ग सांगितला. ज्यांच्या घरावर माळा आहे त्यांनी साहेबांसमोर येऊन सांगितलं की हो, वर हे कुटुंब राहतं, तर विचार होईल. त्यांचा शब्द पुरेल.

बाबा घरी येऊन म्हणाले, मग प्रश्नच मिटला. आणि संध्याकाळी ते काकीशी बोलायला खाली गेले. काकी म्हणाली, येईन हां, त्यात काय. पण तिने त्यांना बस म्हटलं नाही. मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो. बाबा तिच्या दारात उभ्यानेच बोलले आणि वर आले.

त्यानंतर काकीचा मुलगा नालासोपाऱ्याहून वरचेवर यायला लागला. आधी तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आता रविवारी यायचा, आणि त्याच्यासोबत कंपनीचा माणूस काकीच्या पायरीवर बसून चहा प्यायचा. आमच्यातलं कोणी शिडी उतरायला लागलं की त्यांचं बोलणं थांबायचं. आम्ही गिरणीच्या पुढे जाईपर्यंत थांबलेलं असायचं. एकदा तो मुलगा मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अभ्यास कसा चाललाय विचारलं. मग म्हणाला, "एका घरावर दोन नावं आली ना, की फाईल अडकते. आईचं वय बघतोयस ना तू? आणि तुला काय, तू शिकलेला. तुला कुठेही मिळेल." तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

काकी आमच्याशी वाईट वागली नाही, हे लिहायला हवं. पाणी आलं की ती अजून हाक मारायची. फक्त बांगड्याची आमटी केली की वर वाटी यायची, ती यायची बंद झाली. आईने रिकामी वाटी घासून शेल्फवर पुढेच ठेवली होती.

मी जिमखान्यात जाणं टाळलं. दोन वेळा काहीतरी कारण सांगितलं. तिसऱ्या वेळी तिघांनी मला जिन्यात गाठलं आणि घाटकोपर म्हणाला, "काय रे मास्टर, मोजणीदारांनी उचललं का तुला?" त्याला काही माहीत नव्हतं. मी तिथेच जिन्यात बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माळा, शिडी, काठी, सगळं. मला रडू येईल अशी भीती वाटत होती, ते आलं नाही. घाटकोपर म्हणाला, वाट लागली यार. बोरिवलीने विचारलं की सुनावणीच्या आधी लेखी घेता येत नाही का. मुलुंड म्हणाली, म्हणजे ते सगळं तुझं घर होतं. मी मान डोलावली.

खेळ पुढे चालवायचा की नाही यावर थोडं बोलणं झालं. बोरिवली म्हणाला, बंद करू, बरोबर दिसत नाही. मुलुंडला वाटत होतं की उलटा खेळू. आता लपायचं नाही. गल्लीतलं एक कुटुंब मोजायचं राहून गेलंय, त्याला मोजून घ्यायचं. मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगता येत नाही. कदाचित मला वाटलं असेल की या तिघांना एखादी वाट सापडेल, जी मला दिसत नाही.

पहिली दुपार त्यांनी दिवे लावण्यात घालवली. काळ्या सोंगट्या उचलून पांढऱ्या ठेवल्या, गल्ली सगळी उजळून टाकली. घाटकोपरने छतावर उभं राहून हाका मारल्या. मी स्ट्रायकर हातात धरून बसलो होतो. त्याला बोर्डावर ठेवायला मला कारण सापडेना. शेवटी मी खरं तेच सांगितलं, की मोजणीदार या गल्लीत येत नाहीत, त्यांचं इथलं काम झालंय. ते तिघं नाल्यापलीकडे गेले तर काचेच्या दाराशी त्यांना विचारलं गेलं, तुम्ही तिथे होतात याची खूण काय? आणि खूण नव्हती. लपायला शिकल्यापासून त्यांनी एकही मागे ठेवली नव्हती. रिकामा डबा समोरच होता. बोरिवलीने तो उलटा करून बघितला, जणू आत एखादी सोंगटी चिकटून राहिली असेल.

"कोणीतरी असेल ना, ज्याला माहीत होतं," मुलुंड म्हणाली. "खालच्या घरात कोण राहतं?"

खेळातल्या त्या घरात म्हातारी आहे असं मी तोवर कधी सांगितलं नव्हतं. पण आता सांगावं लागलं. एक म्हातारी राहते, म्हणालो.

"मी तिच्याकडे जाते. दार वाजवते. आजी, आम्ही वरची. तुम्हाला माहितीय ना आम्ही इथे राहतो ते? तुम्ही त्यांना सांगाल का?"

या खेळात जगातल्या बाकी सगळ्या माणसांची बोलणी मास्टरने बोलायची असतात. म्हातारीचं उत्तर मी द्यायचं होतं. तिघं माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि मला काकीचाच आवाज ऐकू आला, पण ती काय म्हणतेय ते कळेना. एकदा वाटलं, ती म्हणेल, अगो, हे काय विचारणं झालं? एकदा वाटलं, ती दार लावून घेईल. दोन्ही खरं वाटत होतं. इतकी वर्षं मी तिच्या छतावर झोपलो, तिच्या हातचं जेवलो, आणि या एका प्रश्नाला ती काय उत्तर देईल ते मला माहीत नव्हतं.

"फासा टाक," बोरिवली हळू आवाजात म्हणाला. "ठरत नसेल तर फासा. नियमच आहे."

मी फासा मुठीत घेतला. तो मला टाकता आला नाही. वाईट पडला तर ते तिथेच ठरेल आणि घरीही तसंच होईल, अशी एक वेडी भीती मनात बसली होती. मी म्हणालो, आज नको. मुलुंडने सोंगट्या गोळा केल्या. त्यानंतर आम्ही तो खेळ खेळलो नाही. म्हातारी अजून दारात उभी आहे.

सुनावणीच्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा आली. मी म्हणालो, नाही जात. आईने ऐकलं नाही. तू तिथे येऊन काय करणार, बोलायचं काकीला आहे, असं ती म्हणाली. बाबांना सुट्टी मिळाली नाही. आई, बहीण आणि काकी अशा तिघी जाणार होत्या. सकाळी मी निघालो तेव्हा आई आपली ठेवणीतली साडी नेसली होती आणि काकीच्या दारात उभी राहून तिची वेणी घालून देत होती. काकीचा खांदा दुखतो, तिला मागे हात नेता येत नाही. काकीने मला बघितलं आणि म्हणाली, नीट लिही रे पेपर. मला एकदम हलकं वाटलं. ज्या बाईचे केस आपली आई विंचरतेय ती दुसरं काय सांगेल, असं मनात आलं.

प्रॅक्टिकलला फोन बाहेर बॅगेत ठेवायला लावतात. मी प्रोग्राम लिहिला, तो चालला नाही, पुन्हा लिहिला. तोंडी परीक्षेत बाईंनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते आठवत नाही. बाहेर आलो तर बहिणीचे बरेच मिस्ड कॉल होते. मी उलट फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला. मुलुंड माझ्यासोबत उभी होती, तिला माहीत होतं. घाटकोपर वडापाव घेऊन आला होता, तो तसाच हातात धरून उभा राहिला. पुढे कितीतरी वेळ फोन लागत नव्हता. मग तिचाच आला.

ती रिक्षात होती. मागे गाड्यांचे आवाज होते. मी विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं. मी विचारलं, काकी बोलली का? ती म्हणाली, बोलली. मी म्हणालो, आई कुठे आहे? ती म्हणाली, इथेच. बाजूला बसलीय. काकीपण.

"तुला आता बोलता येत नाही का?"

"सांगते," ती म्हणाली, अगदी सपाट आवाजात, जसं एखाद्याच्या समोर कोणी तिसऱ्याचंच काही सांगावं तसं. "साहेबांनी विचारलं, वर कोण राहतं. तर म्हणाली, कोणी नाही. मग आईकडे दाखवून विचारलं, यांना ओळखता का. म्हणाली, ओळखते. कुठे राहतात? म्हणाली, ते काय माहीत नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं."